रेतीवरची सोयर

त्या दिवशी ऊन असं होतं, की गावातली कुत्रीसुद्धा रांजणाखालच्या ओलीत पोट टेकून पडली होती. वैशाखातली दुपार. आभाळ पांढरंफटक, ढगाचा ठिपका नाही. तापीवरून येणारी झळ अंगाला लागली की चुलीपुढे वाकल्यासारखं व्हायचं. चोपड्याकडच्या त्या गावात बारा वाजले की दारं लागतात, ती चारपर्यंत उघडत नाहीत. अशा वेळी डोक्याला ओलं फडकं गुंडाळून, हातात पाण्याचा डबा घेऊन नदीकडे निघायचे ते एकटे पुना आबा.

आबांचं उभं आयुष्य पात्रातल्या डांगरवाडीत गेलेलं. हिवाळा सरला, पाणी ओसरलं, की उघड्या पडलेल्या रेतीत खड्डे करायचे आणि टरबूज आणि डांगर, म्हणजे खरबूज, लावायचं. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. पण रेतीवरून कोण गेलं, हे ते पावलावरून सांगत. डांगरवाल्यांची एक जुनी रीत होती. रेतीत सुरय पक्षिणीनं अंडी घातली की चार बाजूंना चार खापरं रोवायची. खापरांच्या आत ती बाळंतिणीची खोली. तिथे वहाण न्यायची नाही, लोखंड न्यायचं नाही. जवळ जायचंच झालं तर पाणी घेऊन आलोय अशी बाहेरून हाक द्यायची, "पाणी लई उनू वं माय…" पिलं उडेपर्यंत घरच्यासारखी सोयर पाळायची.

बाकीचे डांगरवाले कधीच पांगले. आबांनी रीत सोडली नाही. त्याला कारण होतं. अडतीस वर्षांपूर्वी, असंच आभाळ कोरडं असताना, वर मध्य प्रदेशात पडलेल्या पावसाचं पाणी भर दुपारी पात्रातून आलं. आबा त्या वेळी डांगरांची गाडी घेऊन चोपड्याच्या बाजाराला गेले होते. परत आले तर रेतीवर झोपडी नव्हती. तीन दिवसांची बाळंतीण बायको, रुक्माबाई, नव्हती, बाळ नव्हतं. पुढे दोन कोसांवर फक्त शेगडी सापडली, शेपा-ओव्याची धुरी द्यायची.

आता त्याच काठावर, पुराच्या हक्काच्या जागेत, धुळ्याचे हितेंद्रशेठ मुरमाचा भराव टाकून प्लॉट पाडत होते. पंधरा दिवसांपूर्वी वनरक्षक वृषालीताईंना खापरांमधली तीन अंडी दिसली. काळ्या पोटाची सुरय. ही जात आता फार थोडी उरली आहे म्हणे. प्रकरण कोर्टात गेलं आणि जूनअखेरपर्यंत भरावाला स्थगिती मिळाली. पण उद्या सकाळी पाहणी होती. घरटं जिवंत नाही असं दिसलं, तर स्थगिती उठणार होती.

"आबा," ताईंनी बजावलं होतं, "पक्षीण पोट भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. भर उन्हात कुणी तिला थोडा वेळ जरी उठवून लावलं, तरी अंडी उकडतील."

आबा हसले होते. "हाई माले मनी रुक्मानी कवयच सांगेल शे, ताई."

त्या दुपारी आबा खापरांपासून लांबच, बाभळीच्या विरळ सावलीत बसले होते. पक्षीण पाण्यावरून आली, थेंब गाळत अंड्यांवर बसली. तेवढ्यात काठावर इंजिनाची घरघर उठली. पुढे शेठची पांढरी गाडी, मागे जेसीबी. जेसीबीवर गावातलाच मगन.

मशीन खापरांपासून वीस पावलांवर येऊन थांबलं. बंद मात्र झालं नाही. पक्षीण ओरडत उडाली.

"काय आबा, एवढ्या उन्हात?" शेठ उतरले. "घरी पंखा नाही का?"

"मनाकडे शे. पाखरूकडे नही."

शेठ हसले. "मी काही हात लावणार नाही बरं का. कोर्टाचा मान आहे आपल्याला. नदी बघायला आलोय. अर्धा तास नुसतं उभं राहायला तर स्थगिती नाही ना?"

आबांच्या ध्यानात आलं. कुणी काही करायचं नव्हतं. फक्त उभं राहायचं होतं. बाकीचं काम ऊन करणार होतं.

ते उठले. सावकाश चालत मशीनच्या तोंडापुढे गेले आणि तापलेल्या रेतीवर मांडी घालून बसले.

"मगन, मशीन मांगे ले."

"आबा, उठा ना… शेठ बोलतीन माले."

"तीन अंड्यांपायी गावाचा विकास अडवून बसलात," शेठ म्हणाले.

"अडवेल नही. थांब म्हनेल शे. सोयर फिटनी का ये." आबांचा आवाज नेहमीसारखाच, हळू. "कोनी घर बाळंतीन व्हयनी, तं तू दार तोडीसन आत जाशी का रे भो?"

"उठा. नाहीतर मशीन वरून जाईल."

"जाऊ दे. अडतीस वरीस पहिले मी आठे नव्हतू. आज शे."

डोक्यावर पक्षीण घिरट्या घालत होती. तिचं ओरडणं बारीक होत गेलं. इंजिनाची घरघर, रेतीवरून उठणारी हलती झळ, डिझेलचा वास. आबांच्या मांडीची कातडी भाजत होती. ते मनातल्या मनात अंड्यांवरचं ऊन मोजत होते.

आणि डिझेलच्या वासातून दुसराच वास आला.

शेपा. ओवा. निखाऱ्यावर टाकलेली धुरी.

आबांनी मान वर केली. त्याच क्षणी इंजिन बंद झालं. मगननं किल्ली फिरवली होती. हात अजून किल्लीवरच होता.

"शेठ…" तो कुजबुजला, "ती बाईले उठाडा ना…"

"कोणती बाई?"

"ती… खापरसना आतमा. पाठ करीसन बठेल शे. कानले फडकं बांधेल शे…"

"खापरांच्या आत? अरे, तिथे साधा दगड तरी आहे का?"

आबांनी वळून पाहिलं. त्यांना बाई दिसली नाही. पावलं दिसली. नदीकडून आलेली, अनवाणी, लहान. टाचेच्या खळग्यांत पाणी चमकत होतं. नदी तिथून चांगली हाकेभर लांब, आणि त्या रेतीवर सांडलेलं पाणी पापणी लवेपर्यंत टिकत नव्हतं. डाव्या पावलाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. पावलं खापरांच्या आत गेली होती. बाहेर आलेली नव्हती.

तशी करंगळी आबांनी एकाच पायाची पाहिली होती.

"मीच दाखवतो कोण आहे ते," शेठ बुटांसकट निघाले.

"हाक देईसन जा," आबा म्हणाले.

"कुणाला?"

शेठ खापर ओलांडून दोन पावलं आत गेले. तिथेच थबकले. खाली पाहू लागले. कुठेतरी, अगदी जवळ, कुणी घंगाळात पाणी ढवळावं तसा आवाज झाला. मग एक बारीक कण्हणं… नुकत्या जन्मलेल्या बाळाचं, दुपट्यात तोंड दाबल्यासारखं.

शेठ मागे सरकायला बघत होते. पाय मात्र उचलत नव्हते. चिखलातून उपसावा तसा त्यांनी एक पाय उपसला, मग दुसरा. बाहेर आले तेव्हा आजूबाजूची रेती कोरडी ठाक होती, आणि त्यांची पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओली. बुटांतून पाणी गळत होतं. ते आबांकडे न बघता गाडीत बसले. मगननं जेसीबी मागच्या मागे नेला, खापरांवरची नजर न हलवता.

आबा एकटे उरले. गुडघ्यावर हात टेकून उठले. खापरांच्या बाहेर उभे राहून त्यांनी हाक दिली.

"पाणी लई उनू वं माय…"

त्यांनी डबा तिथेच ठेवला आणि लांब जाऊन बसले. पक्षीण खाली उतरली. ती बसण्याआधी आबांना तीन अंड्यांभोवतीची रेती दिसली. काळपट, ओली, ओल्या लुगड्यानं कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी साहेब लोक आले. एका अंड्याला तडा गेला होता आणि आतून इवलीशी चोच टोचत होती. वृषालीताईंनी कागदावर लिहिलं, साहेबांनी सही केली. स्थगिती कायम राहिली.

"कालच्या उन्हात वाचली कशी हो आबा?" ताईंनी विचारलं.

"त्यासनी माय जागी व्हती," आबा म्हणाले आणि दुसरीकडे बघू लागले.

संध्याकाळी शेजारची बेबाबाई आली. काठावर शेठनं नवं ऑफिस बांधलं होतं, तिथे ती झाडलोट करायची. ती ओट्यावर बसली नाही. हातात झाडू तसाच, पदर घामानं भिजलेला. आवाज खाली आणून म्हणाली,

"आबा, शेठना ऑफिसनी भितवर पाणीनी रेघ उठेल शे… काल दुपारले गुडघाइतली व्हती, आज मना डोकावरतीन गयी. आभाळ तं कोरडं शे. पुसस तं हातले ओली रेती लागस… आनि ती आजूनबी चढी ऱ्हायनी."