लाल फुग्याची उंची

१९९६ सालची गोष्ट. ओहायोतल्या केस्टन शहरात तेव्हा एकच वाद रंगला होता – बेसबॉलचं नवं स्टेडियम बांधायचं कुठे? डाउनटाउनमध्ये नदीकाठी, बंद पडलेल्या शेगड्यांच्या कारखान्याच्या जागेवर, की हायवेलगतच्या मक्याच्या शेतात?

डाउनटाउन संध्याकाळी ओस पडायचं. दोन बँकांच्या इमारती आणि धान्याचं एक उंच कोठार, एवढंच काय ते शहराचं आकाशात वर आलेलं डोकं. मार्सी पावलिकला मात्र तिथे दिवे दिसायचे, फुटपाथवर आइस्क्रीम खात रेंगाळणारी माणसं दिसायची. नियोजन खात्यात तिची नेमणूकच नदीकाठच्या कामासाठी झाली होती. स्टेडियम हायवेला गेलं की नोकरी संपली. डेन्व्हरला दुसरी तयार होती, पण केस्टन सोडायचं तिच्या अगदी जिवावर आलं होतं.

टेकडीवरच्या रहिवाशांचा नदीकाठच्या जागेला विरोध होता. दिव्यांच्या खांबांनी आमची नदी झाकली जाईल, असं त्यांचं म्हणणं. म्हणून एप्रिलमधल्या एका शनिवारी खांबांच्या उंचीवर लाल फुगा सोडून बघायचं ठरलं. खाली दोर धरायला मार्सी, वर टेकडीवर फोटो काढायला रहिवाशांचा माणूस. दोघांच्या हातात नगरपालिकेचे वॉकीटॉकी.

“दिसतोय का फुगा?” मार्सीने विचारलं.

“दिसतोय. पण डावीकडे पळतोय.”

“वारा आहे.”

“मग वाऱ्याला सांगा ना, सरकारी काम आहे म्हणून.”

आवाजात हसू होतं. तिलाही हसू आलं. “आपण कोण?”

“नील हॅगर्टी. तुम्ही गुपचूप दोर ओढाल म्हणून माझ्या आईने मला राखणीला बसवलंय.”

आयरीन हॅगर्टी म्हणजे विरोधकांची म्होरकी! मार्सीने ओठ चावला.

“पिवळा रेनकोट तुमचाच का?” त्याने विचारलं.

“दुर्बिणीतून बायकांकडे बघता?”

“फुग्याकडेच बघत होतो हो… जरा खाली घसरली.”

“उचला मग ती वर!”

फोटो कधीच निघायला हवा होता. पण आधी ढग आला, मग म्हणे पक्षी आडवा गेला, मग पुन्हा ढग. दोर धरून मार्सीची बोटं गारठली, तरी तिने एकदाही घाई केली नाही.

“आणि जागा हायवेला गेली तर?” त्याने मध्येच विचारलं.

“तर मी डेन्व्हरला.”

वॉकीटॉकीत खरखर झाली.

“मग… नदीकाठीच होऊ दे की.”

“तुम्ही विरोधात ना?”

“होतो. सकाळपर्यंत.”

एक गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली नव्हती. केस्टनमधली निम्मी म्हातारी माणसं स्वयंपाकघरात दिवसभर स्कॅनर लावून बसायची. पोलीस, अग्निशामक, नगरपालिका, सगळ्यांचं बिनतारी बोलणं त्यावर ऐकू यायचं. दुपारी मार्सी कोपऱ्यावरच्या खानावळीत शिरली, तर वाढणारी बाई म्हणाली, “ये गं, पिवळा रेनकोट! दुर्बीण वर गेली का अखेर?”

सगळे खो खो हसले. मार्सीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर सोमवारी पेपरात आलंच – साक्षीदार फितूर, फोटो कसे मानायचे?

त्यानंतर नीलचा फोन नाही, काही नाही. विसरला असेल, मार्सीने मनाची समजूत घातली आणि खोकी बांधायला घेतली.

जागेचा निर्णय नगरपालिकेच्या जाहीर सभेत व्हायचा होता. तिथे बोलायला प्रत्येकाला ठरावीक मिनिटं, ती संपली की अध्यक्ष डेलसाहेब घंटा वाजवायचे. आयरीनबाई माइकपाशी आल्या. पद्धतीप्रमाणे आधी नाव-पत्ता सांगितला. मग म्हणाल्या, “फोटो खरे आहेत. त्या दिवशी पोर्चमधून मी स्वतः बघत होते. नदी दिसत होती. माझं भांडण तेवढ्यापुरतंच होतं. डेल, घंटेवरचा हात काढ, माझा वेळ उरलाय. तो मी माझ्या मुलाला देते. फोटोंवर संशय नको म्हणून फोन करत नाही म्हणे, आणि घरात तोंड पाडून बसतो! नील, ऊठ.”

नील उठला. कानाच्या पाळ्या लाल. “नील हॅगर्टी, क्रेस्ट स्ट्रीट. स्टेडियम कुठेही बांधा… पण मिस पावलिकना डेन्व्हरला जाऊ देऊ नका.”

सभागृहात हशा पिकला. अध्यक्ष डेलसाहेबांनी गंभीर चेहऱ्याने विचारलं, “नियोजन खात्याचं यावर काय म्हणणं?”

मार्सीने समोरचा माइक जवळ ओढला. “खात्याची… काही हरकत नाही.”

आणि मग नगरसेवकांचं मतदान झालं. हायवेच बहुमताने जिंकला.

मार्सीची नोकरी गेली. खोकी मात्र डेन्व्हरला नाही, क्रेस्ट स्ट्रीटवर गेली. पुढे तिने बसमार्ग आखायच्या कचेरीत काम केलं. नील शाळेत भूगोल शिकवत राहिला. डेलसाहेब पुढची निवडणूक हरले आणि मासे धरायला मोकळे झाले. कारखान्याची जागा कितीतरी वर्षं नुसती गाड्या लावायला वापरली. आता तिथे राहत्या घरांची उंच इमारत आहे. तिने नदीचा एक तुकडा झाकलाच. आयरीनबाई तो बघायला राहिल्या नाहीत. शेवटपर्यंत त्या हायवेच्या स्टेडियमवर जायच्या आणि दर वेळी म्हणायच्या, “गाडीपासून चालून पाय मोडले. नदीकाठी बरं झालं असतं.”

त्यांचा स्कॅनर मार्सीच्या स्वयंपाकघरात आहे. बिनतारी यंत्रणा बदलल्यापासून त्यावर कुणाचं बोलणं ऐकू येत नाही, नुसती खरखर येते. मार्सी तो बंद करायला गेली, की नील म्हणतो, “राहू दे गं… ढग आला असेल.”