रेघेला न टेकलेला भाव

भाच्याचं पत्र येऊन नऊ दिवस झाले होते आणि मामांनी उत्तर लिहिलं नव्हतं. आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेलं, बाजारातलं आपल्याला काय कळतं, या संकोचानं त्यांनी ते शब्दकोशात ठेवून दिलं होतं.

आज भाचेसून दारात उभी राहिली. सोबत तिचा भाऊ, आणि तिच्या हातात घरातून आणलेली खात्याच्या कागदांची पिशवी.

"मामा, पंधरा दिवस झाले, हे घरी नाहीत. फोनही बंद."

मामांनी मान खाली घालून पत्र पुढे केलं.

'मामा, मेव्हण्यानं परदेशी बाजारात माझ्यासाठी हातात नसलेलं सोनं औंसाला दोन हजार डॉलरनं आधीच विकलं होतं. भाव उतरला की परत घ्यायचं. उलट चढलाच, तर दोन हजार चाळीसच्या रेघेवर सौदा आपोआप बंद. जास्तीत जास्त दहा हजार रुपये जाणार होते. चार्टवर भाव रेघेला टेकला नाही, तरी सौदा बंद आणि खात्यातले सगळे लाख रुपये गायब. सगळे मला चोर म्हणतात. मला वेड लागलंय का, एवढंच सांगा. फोन नको, त्यावर फक्त शिव्या येतात. इथल्या पोस्टात पत्राची रोज चौकशी करतो. पंधरा तारखेनंतर करणार नाही. मग मला शोधू नका.'

आज बारा तारीख. पत्रावर शिक्का असलेलं गाव टपालानं दोन दिवसांवर.

भाचेसुनेनं पत्र भावापुढे धरलं.

"नाटकं!" भावानं चार्टचा कागद टेबलावर आपटला. "बघा, सगळ्यात वरचा भाव दोन हजार छत्तीस. चाळीस कुठंय? यानंच सौदा मोडून ताईच्या दुकानाचे पैसे ढापले."

"खातं कोण सांभाळतं?" मामांनी चाचरत विचारलं.

"मी. त्याला चार्ट बघण्यापलीकडे काय येतं?"

"मग त्यानं मोडला कसा?"

"मागितला असेल पासवर्ड. मला काय आठवतंय!"

मामांनी पिशवीतून खात्याची पुस्तिका ओढली आणि पेन्सिल टेकवत तळटिपा वाचू लागले. पानामागून पान.

"उद्या परीक्षा आहे का मामा?" भाऊ हसला.

"सौदा बंद झाला तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"घरी! किती छळाल? मिनिटभर एक्केचाळीस झाला आणि खाली आला. नशीबच फुटकं, कोण काय करणार?"

मामांची पेन्सिल थांबली.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "माझं चुकतही असेल. पण मुद्रित तपासताना आम्ही मूळ प्रत शेजारी ठेवतो. नुसतं एकच वाचून चूक सापडत नाही. इथं भाव दोन असतात. आपण विकतो तो आणि घेतो तो. घेण्याचा नेहमी थोडा वर. चार्टवर दिसतो फक्त विकण्याचा, ही बघ तळटीप. पण विकलेलं सोनं परत घेतल्याशिवाय सौदा मिटत नाही. म्हणजे रेघेला घेण्याचा भाव टेकला की झालं. एरवी दोन्हींत अंतर नखाएवढं. बाजाराचा दिवस मिटताना ते मिनिटभर फाकतं. चार्ट छत्तीसवर होता, तेव्हा घेण्याचा भाव रेघ ओलांडून एक्केचाळीसवर गेला. तुझा नवरा खरं बोलतोय."

"पण लाख?"

"लाखाच्या पाचपट सौदा असता, म्हणजे पाच लाखांचा, तर दोन टक्के चढल्यावर दहा हजार जातात. त्याचा हिशोब बरोबर होता. लाख जायला सौदा पन्नासपट लागतो." मामांनी पुस्तिकेला मागे जोडलेला खातं उघडण्याचा अर्ज उलटला. "हे 'पन्नास' कुणाचं अक्षर?"

तिनं अर्ज जवळ घेऊन पाहिला. "माझ्या भावाचं."

"मध्यस्थाची सहीही त्याचीच. सौदा जितका मोठा, तितकी मध्यस्थाची दलाली. आणि एक्केचाळीस हा आकडा ना चार्टवर आहे, ना पत्रात. तो असतो फक्त सौदा करणाऱ्या कंपनीच्या पावतीवर, आणि अर्जाप्रमाणे पावती याच्या पत्त्यावर येते. ती दाखवली असती तर पन्नासपट उघडं पडलं असतं. म्हणून चार्ट नाचवला."

"ताई, मला वाटलं नफा होईल..."

"चालता हो," ती म्हणाली.

तो गेला. मामांनी तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं: 'तू वेडा नाहीस. चूक माझी, उत्तर उशिरा लिहिलं.' खाली तिनं लिहिलं: 'मला क्षमा करा. घरी या.'

पोस्टाची खिडकी बंद व्हायला सहा मिनिटं होती. मामा आयुष्यात पहिल्यांदा रस्त्यावरून धावले.

"कधी पोहोचेल?"

"परवा," कारकून म्हणाला.

परवा चौदा. कारकुनानं शिक्का मारला आणि पाकीट थैलीत टाकलं.