उरलेली जोडणी

आमची लायब्ररी पुस्तकांची नाही. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅमचे निरोप सर्व्हरकडे नेणारा आणि उत्तरं आणणारा कोड आहे तो. फुकट आणि खुला. कोणीही वापरावा, कोणीही दुरुस्त करावा. तो नीट चालतो का हे तपासणारे छोटे प्रोग्रॅम, म्हणजे त्याच्या चाचण्या, मी दवाखान्यात बाबांच्या खाटेशेजारी लिहायला घेतल्या. डॉक्टरांनी आशा सोडली होती आणि नुसतं बसून राहणं मला जमत नाही. चाचण्या पहिल्यांदा चालवल्या त्याच संध्याकाळी बाबांनी डोळे उघडले.

"ठमे, इथेसुद्धा टकटक?" म्हणाले.

आता ते घरी आहेत, ठणठणीत. आजारी आहे ती एक चाचणी, यादीतली शेवटची. माझ्याच संगणकावर छोटा सर्व्हर सुरू करायचा, त्याच्याशी जोडणी करायची, उत्तर घ्यायचं, जोडणी तोडायची. शेवटी एकही जोडणी उघडी राहता कामा नये. आमची एक राहायचीच. चाचणी नापास, पडद्यावर तिची ओळ लाल; पास झाली तर हिरवी. या कामातला माझा जोडीदार दूर कुठेतरी असतो, रात्री जागतो, म्हणून त्याचं नाव घुबड. त्याला लाल रंग बघवत नाही.

परवा दुपारी चूक सापडली. दोन ओळी बदलल्या, चाचण्या चालवल्या. सगळं हिरवं. शेजारच्या खोलीत बाबा फोनवर आत्याची खेचत होते.

"अगं, तुझा स्वयंपाक म्हणजे..."

पुढे काही येईना. जाऊन पाहिलं तर फोन कानाशी, तोंड अर्धवट उघडं, पापणी लवत नव्हती. हात गार. फोनमधून आत्या "हॅलो, हॅलो" करत होती. डॉक्टरांना बोलवायला मी माझ्या मोबाइलकडे धावले. तो संगणकाशेजारी होता. का ते सांगता येणार नाही, पण आधी मी त्या दोन ओळी पूर्ववत केल्या आणि चाचण्या चालवल्या.

शेवटची लाल झाली.

"...शिक्षाच!" बाबा म्हणाले आणि स्वतःच खो खो हसले.

एरवी मी कुठलीही गोष्ट दोनदा तपासते. ही तपासली नाही. मला भीती वाटली.

घुबडाला लिहिलं, "ती चाचणी लालच राहू दे."

"का?"

"नंतर सांगते."

काय सांगणार होते, कप्पाळ!

आज सकाळी बाबा बेसिनपाशी दाढी करत होते. नळ धो धो सोडलेला. तेवढ्यात घुबडाचा निरोप आला : "तू दमलेली दिसतेस. बाबांकडे बघ. ती जोडणी मी बंद केली, दोनच तर ओळी होत्या."

नवा कोड आला की माझ्या संगणकावर चाचण्या आपोआप चालू होतात. ही सोय मीच केलेली.

"बाबा!"

"करतो गं नळ बंद, जरा दम..."

पडद्यावर ओळी हिरव्या होत गेल्या. शेवटचीसुद्धा.

मी जुना कोड परत आणला. चाचण्या चालवल्या.

शेवटची हिरवी.

पुन्हा चालवल्या.

हिरवी.

आत नळ वाहतच होता.