मिशीआडचं बोलणं

आई आत हकीमसाहेबांना माझ्या कानांचं सांगत होती. मी बाहेर ओट्यावर, कानात कापसाचे बोळे घालून. शेजारी एक तरुण बसलेला, बापाच्या खोकल्याचं औषध न्यायला आलेला. त्यानं मला काहीतरी विचारलं. मी त्याच्या ओठांकडे पाहिलं. त्यानं परत विचारलं, मी परत पाहिलं… बिचारा लाजला.

"तुमच्या मिशा आडव्या यायल्यात," मी म्हणाले. "सर्दीनं कान बसलेत माझे. ओठ दिसले तर कळतंय."

त्यानं दोन बोटांनी मिशी वर धरली.

"आता? नाव काय?"

"चतुरा. आन् तुमचं?"

"बन्सीधर. सेलूचा."

"मिशी सोडा आता. लोक बघायलेत."

त्यानं सोडली नाही.

लहानपणी एका हिवाळ्यात आमच्या घरात खोकला शिरला. धाकट्या भावाला घेऊन गेला. माझे कान तेव्हापासून वाहायचे, अन् दर सर्दीला पार बंद व्हायचे. आलेली स्थळं कानापायीच परत जायची.

म्हणून सेलूहून मला बघायला येत असल्याचा निरोप आला तेव्हा आईनं बजावलं, "कानाचं बोलू नको." नेमकी त्या दिवशी मला सर्दी.

पाटावर बसले, वर पाहिलं… बन्सीधरला मिशी नव्हती. बाप जिवंत असताना! शेजारी किशनराव, त्याचे वडील, चांगले धडधाकट, काळवंडल्या चेहऱ्यानं बसलेले. वाटेत भेटेल तो पोराला दुखवट्याचं बोलला होता, हे मागाहून कळलं.

किशनरावांनी काही विचारलं. त्यांच्या पांढऱ्या मिशा नुसत्या हलल्या. बन्सीधरनं तेच आवाज न काढता ओठांनी म्हटलं — सैपाक येतो का?

असंच सगळं निभावलं असतं. पण त्याच्या नाकाखालची ती उघडी, फिकी कातडी पाहिली अन् माझ्याच्यानं लपवणं होईना.

"मला ऐकू येत न्हाई," मी किशनरावांना म्हणाले. "सर्दीत तर मुळीच न्हाई. ह्यांना ठाऊक हाय."

आईनं मागून माझा पदर ओढला.

किशनरावांनी वळून पोराच्या तोंडाकडे पाहिलं. मग काहीतरी बोलले. आई पदरात तोंड घालून रडायला लागली. कशानं, ते कळेना.

मी बन्सीधरकडे पाहिलं. त्याचे ओठ थरथरत होते. मी हातानं 'सावकाश' म्हणाले.

"बाबा म्हणायलेत…" एकेक शब्द दिसत गेला, "आता मिशी ठेवू नको. सुनेला कळायचं कसं?"