सोबतीचा दम

रविवारी बेचाळीस किलोमीटर धावलेली माणसं मंगळवारी जिना उतरताना देवाचं नाव घेतात. कठडा धरून, खेकड्यासारखी आडवी पावलं टाकत. कंपनीने ‘आधी मॅरेथॉन, मग डोंगर’ अशी सहल काढल्यापासून एलियातोशा म्तुईने अशी कितीतरी माणसं पायथ्याच्या मारांगू गावच्या फाटकातून डोंगरावर नेली होती, आणि दर खेपेला पहिल्या दिवशी तिचे हमाल त्यांच्याकडे बघून तोंड फिरवून हसायचे.

झुहुरा म्बवाना मात्र गाडीतून टुणकन उडी मारून उतरली.

“शिकामू, ताई!” तिने अगदी वाकून नमस्कार केला.

“मराहबा. पण हा म्हाताऱ्यांचा नमस्कार मला नको घालूस बाई. माझ्या गुडघ्यांनी ऐकलं तर आत्तापासून कुरकुरायला लागतील.”

“माझे बघ, अजिबात कुरकुरत नाहीत!” आणि झुहुराने जागच्या जागी दोन उड्या मारून दाखवल्या.

झुहुरा दार-एस-सलामच्या मुलींच्या शाळेत खेळ शिकवायची. बरोबरची मैत्रीण शर्यतीत पाय मुरगळून डोंगराखालच्या मोशी शहरात हॉटेलात पडली होती, तेव्हा ही एकटीच आली. “पोरींना सांगून आलेय, एकाच आठवड्यात धावणार पण नि चढणार पण. माथ्यावरचा फोटो गेला नाही तर वर्गात मला जगू द्यायच्या नाहीत,” ती म्हणाली.

“जाईल फोटो,” तोशा म्हणाली. तिला सगळे तोशाच म्हणत.

तिचा स्वतःवर दांडगा विश्वास होता, आणि तो कमावलेला होता. पाठीवर ओझी वाहून तिने सुरुवात केली होती. ‘बाई गाईड झाली तर भांडी कोण घासणार?’ म्हणणारे दोघं आता तिच्याच हाताखाली होते. वर नेलेलं प्रत्येक माणूस तिने चालतंबोलतं खाली आणलं होतं. इतर गाईड पुढे चालत. ती मागे चालायची आणि माणसाचा दम ऐकायची. तोंडाने माणूस ‘मी बरा आहे’ म्हणतो. दम खोटं बोलत नाही.

पहिल्या दिवशीचं जंगल ओलंचिंब. फांद्यांवरून शेवाळ दाढीसारखं लोंबत होतं, कुजल्या पानांचा गोडसर वास मातीतून वर येत होता. हमाल केव्हाच पुढे गेले होते. तोशा नेहमीसारखी मागून कान देऊन चालली होती, आणि झुहुराचा दम तिला ऐकूच येत नव्हता.

वाट चढाला लागली तेव्हा आला. खोल, एका तालात, नाकाने आत आणि तोंडाने बाहेर. पण तो झुहुराचा नव्हता. तो तिच्या डावीकडून येत होता, नेच्यांच्या दाट जाळीतून. तोशा थांबली. जाळीत पान हलत नव्हतं. झुहुरा पुढे गाणं गुणगुणत चढत होती. गुणगुणणारं माणूस असा श्वास घेत नाही.

“काय झालं गं, ताई?”

“काही नाही. हळू चाल. हळूहळू.”

संध्याकाळी मंदारा या पहिल्या मुक्कामाच्या झोपडीच्या लाकडी पायरीवर चहा पिताना, अजून चांगला उजेड होता तेव्हा, झुहुरा आपण होऊन बोलली.

“हसणार नसशील तर सांगते. परवा शर्यतीत म्वेकाच्या चढावर मी संपले होते. कॉफीच्या मळ्याकडेला बसणारच होते, तेवढ्यात डावीकडे कुणीतरी आलं. बोललं नाही, हात लावला नाही. नुसता दम, एकसारखा. मी त्या दमावर पाय टाकत गेले. आणि खरं सांगते, पायातले गोळे, पोटातलं दुखणं, सगळं कुणी काढून घेतल्यासारखं गेलं.”

“कोण होता?”

“धावताना मान कशाला वळवू? शेवटच्या रेषेशी बघितलं तर कुणीच नाही. अंगातली साखर संपली की होतात म्हणे असे भास.”

“होतात,” तोशा म्हणाली. ती स्वतः ती शर्यत धावलेली. एकदा त्याच चढावर तिला मेलेला बाप केळीच्या बागेत उभा दिसला होता, आणि तिचं धावणं बघून तो निराशेने मान हलवत होता. “आणि आता?”

“आता काय?”

“आता ऐकू येतो का?”

झुहुराने चहाचा घोट घेतला. “चढ लागला की...” ती म्हणाली आणि तिने कप पायरीवर ठेवला.

होरोंबोला, पुढच्या मुक्कामाला, झाडं मागे पडतात आणि ढग पायाखाली येतात. तिथे पोचल्यावर तोशाने झुहुराच्या बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावून पाहिला. तिथे प्रत्येकाच्या रक्तातला प्राणवायू उतरतो. तोशाचाही उतरला होता. झुहुराचा मात्र समुद्रकाठी असावा तसा भरलेला होता. चिमटा बिघडला असेल म्हणून तोशाने तो आधी स्वतःच्या, मग एका हमालाच्या बोटाला लावला. चिमट्यात काही खोट नव्हती.

“सांगितलं ना, मी ठणठणीत आहे,” झुहुरा म्हणाली आणि तिने केळ्याचं सूप पुन्हा मागितलं. त्या उंचीवर कुणी काही पुन्हा मागत नाही.

कुंदाएली म्हाताऱ्याने ते वाढलं आणि तो तोशाच्या मागोमाग बाहेर आला. तोशाच्या बापाबरोबर डोंगर चढलेला हा स्वयंपाकी.

“पोरी, ती बाई अजून खालचाच दम घेऊन फिरतेय.”

“काटक आहे, बाबा.”

“काटक माणसाकडूनही डोंगर आपलं वसूल करतो. तिच्या वाटचा दम कोण टाकतंय?”

म्हाताऱ्याने हात पुसले आणि वरच्या माळाकडे बोट न दाखवता नुसती हनुवटी केली.

“माझा आजा सांगायचा. आपल्याकडच्या सरदाराने डोंगरापलीकडच्या रोंबोच्या सरदाराला तहाचा निरोप धाडला होता. खालच्या वाटा भाल्यांनी अडवलेल्या, म्हणून निरोप्या वरून गेला, दोन शिखरांमधल्या माळावरून. बजावलं होतं, वाटेत बसायचं नाही. नाही बसला. धावत राहिला, आणि धावता धावताच त्याचा प्राण गेला. निरोप पोचला नाही. रोंबोची गावं जळली.”

“आणि तो?”

“मेलेलं माणूस निदान आडवं तरी होतं. हा अजून बसलेला नाही. दम आहे, पाय नाहीत. म्हणून ज्याचा दम संपतो त्याच्याकडे येतो. दम देतो, पाय घेतो.”

“बाबा, मिठाचं तेवढं बघा. सूप अळणी होतं आज.”

म्हातारा हसला. “तुझा बापही असाच विषय बदलायचा.”

एक दिवस तिथेच मुक्काम झाला, अंगाला उंचीची सवय व्हावी म्हणून. तोशाच्या मनात पाल चुकचुकत होती, पण झुहुराला खाली न्यायचं तर कारण काय सांगायचं? तब्येत बिघडली म्हणून माणसं परत जातात. तब्येत फार चांगली आहे म्हणून कुणाला परत पाठवल्याचं डोंगरावर कुणी ऐकलं नव्हतं. आणि माळ तोशाच्या पायाखालचा होता. ‘मी मागे आहे ना,’ तिने स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या पाण्यावर बाटल्या भरून त्या माळाला लागल्या. डावीकडे किबोचं शिखर, उजवीकडे मावेन्झीचं, आणि मध्ये नुसतं उजाड मैदान. झाड नाही, गवत नाही, पायाखाली बारीक काळे खडे. ऊन चांगलं होतं. पुढचे हमाल मुंग्यांएवढे दिसत होते.

मग ऐन दुपारी धुकं आलं. आधी मावेन्झी गेला, मग हमाल गेले, मग झुहुराची लाल टोपी फिकट होत होत गुलाबी झाली. खड्यांचा कोरडा, थंड वास येत होता. त्यात दुसरा वास मिसळला. घामाचा. आणि चरबी चोपडलेल्या चामड्याचा. तोशाच्या अंगावरचे केस उभे राहिले, कारण या हवेत घाम येतो न येतो तोच वाळतो.

दम आता स्पष्ट ऐकू येत होता. आत... बाहेर... आत... बाहेर...

“झुहुरा, हळू.”

“हळूच चाललेय, ताई.” आवाज वाटला त्याहून लांबून आला.

“थांब तिथेच.”

“तो पुढे निघालाय गं... मागे राहिले तर...”

आणि खडे वाजायला लागले. बुटांची पावलं, धावणारी. त्यांच्या डाव्या अंगाला, त्यांच्याच तालावर, अनवाणी पावलं. आवाज किबोच्या वाटेवर नव्हता. तो वाट सोडून उजवीकडे वळला होता, मावेन्झीच्या घळींकडे, रोंबोच्या अंगाला.

त्या उंचीवर बुटाची नाडी बांधायला वाकलं तरी माणूस धापा टाकतं. तोशा धावली. हाक मारण्यात तिने दम घालवला नाही. छातीत कुणी निखारे ओतल्यासारखं झालं, डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचले, पण तिचे कान शाबूत होते. कानांवर ती धावली, आणि धुक्यातून लाल टोपी एकदम समोर आली तेव्हा तिने मागून जाकीट गच्च धरलं.

“बस!”

झुहुराने वळून पाहिलं. चेहरा शांत, ओठांवर हसू, अंगावर घामाचा टिपूस नाही. तोंडातून वाफही येत नव्हती.

“बसायचं नाही,” ती समजावणीच्या सुरात म्हणाली. “बसायचं नाही असं सांगितलंय ना.”

म्हाताऱ्याची गोष्ट तिने ऐकलेली नव्हती. तोशाला तेवढं पुरलं. तिने झुहुराच्या पायात पाय घालून तिला खाली पाडलं, स्वतः तिच्यावर बसली, आणि डावीकडच्या रिकाम्या धुक्याकडे तोंड करून आपल्या घरच्या बोलीत, कुणा आडदांड हमालाला दटावावं तशी बोलली.

“निरोप पोचला. मी मारांगूची, म्तुईंची मुलगी. माझी आई रोंबोची. मला दिलास म्हणजे रोंबोला दिलास. आता बस.”

दम थांबला. कशाचाच आवाज नव्हता. मग तिच्यापासून हातभर अंतरावरचे खडे करकरले, दबले, आणि त्यात बसल्या माणसाएवढा खळगा पडला. कुणीतरी फार लांबलचक उसासा सोडला.

त्याच क्षणी झुहुराच्या तोंडून वाफेचा लोट निघाला. इतक्या दिवसांची थकबाकी एकदम वसुलीला आली. ओठ निळे पडले, छातीत घरघर सुरू झाली, आणि ती तोशाच्या दंडाला धरून लहान मुलीसारखी रडायला लागली. “ताई... श्वास... पुरत नाहीये...”

“पुरेल. खाली गेलं की पुरेल.” तोशाने शिट्टी फुंकली. हमाल येईपर्यंत थांबली नाही. झुहुराला पाठीवर घेऊन ती उताराला लागली. पुढे आजाऱ्यांना उतरवायची एका चाकाची गाडी मिळाली. उजेड होता तोवर त्या पार खालच्या जंगलापर्यंत आल्या होत्या, आणि झुहुराच्या ओठांवर रंग परतला होता. मोशीच्या इस्पितळातून ती चार दिवसांनी घरी गेली. फोटो माथ्यावरचा नाही, इस्पितळाच्या खाटेवरचा गेला. पोरींनी म्हणे फळ्यावर मोठ्ठा डोंगर काढून त्याच्या पायथ्याशी खाट काढली.

कुंदाएलीने मात्र फाटकाशी तोशाला गाठलंच.

“काय म्हणालीस त्याला?”

“निरोप पोचला म्हटलं. बसला.”

“बसणारच. निरोप्या बसतो, दम खातो,” म्हातारा म्हणाला. “मग उत्तर मागतो.”

“मग देईन की उत्तर! आहे काय त्यात?”

आणि तिने दिलं. पुढच्या खेपेला, लख्ख उन्हात, पाहुण्यांना पुढे जाऊ देऊन ती माळावर वाट सोडून गेली. खळगा अजून होता. त्याच्यासमोर उभी राहून तिने मोकळ्या आवाजात सांगितलं, “तह मान्य आहे. जा, सांग तुझ्या सरदाराला.” वारा तेवढा वाहत होता. परत येताना तिने पाहिलं तर खळगा बुजलेला होता. तिला बरं वाटलं. अवघड काम नीट उरकल्यावर वाटतं तसं.

ती घरी परतली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात कॉफीच्या बिया उन्हात पसरत असताना फोन वाजला.

“ताई...”

“अगं झुहुरा! काय म्हणतेस? शाळा नाही का आज?”

“समुद्रावर धावायला निघाले होते, रोजच्यासारखी. पण ताई... इथे समुद्र दिसत नाहीये.”

तोशाने बियांचं सूप खाली ठेवलं. “कुठे आहेस तू?”

“कळत नाही. धुकं आहे सगळं. पायाखाली काळे खडे आहेत. आणि थंडी... माझ्या अंगात नुसते पळायचे कपडे आहेत गं.”

“दम लागलाय का?”

बराच वेळ फक्त खडे वाजत राहिले. झपाझप, एका तालात.

“नाही,” झुहुरा म्हणाली.

“खाली बस. ऐकतेस का? आहेस तिथे खाली बस, मी येते.”

“बसू देत नाहीये, ताई... उत्तर पोचवायचंय म्हणतो...”

फोन कानाशी धरूनच तोशाने खुंटीवरचं जाकीट ओढलं आणि बुटात पाय घालता घालता वर पाहिलं. त्या सकाळी डोंगर उघडा होता. किबोचा बर्फ चमकत होता, मावेन्झीचे सुळके सुरीने कापल्यासारखे दिसत होते, आणि दोघांच्या मधला माळ या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरड्या, पिवळ्या उन्हात पडला होता. धुक्याचा पुसटसा धागाही कुठे नव्हता.