ओल्या कोळशाचं वजन

बॉयलरच्या वळणावर तो तिच्यावर आदळला आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावर तिच्या कोळशाने माखलेल्या बोटांचे पाच ठसे उमटले. ती ओशाळली. "राहू द्या," तो हसला, "इथला धूर मोजायलाच आलोय."

तिने हात झटकन मागे घेतला. म्हणजे परदेशी गिऱ्हाइकाने पाठवलेला तपासनीस तो हाच. धूर मर्यादेबाहेर गेला, तर कापड रंगवायचं काम दुसऱ्या देशात जाणार. त्याबरोबर तीनशे बायकांची नोकरी, पोरांची शाळा, दवाखाना. तिची थोरली बहीणही त्या तीनशेंतलीच. कोळसा मोजणारी म्हणून तिला सगळे वजनवाली म्हणत, आणि किती कोळसा जळाला यावरून धुराचा आकडा निघणार होता, तिच्याच वहीतून.

तीन दिवस दोघं एका टेबलाशी बसले. तो आकडा विचारताना उगाच डोळ्यांत बघायचा, ती उगाच पानं उलटायची. बहिणीने ते हेरलं आणि त्याच्याकडे शब्द टाक म्हणून मागे लागली. वजनवालीने ऐकलं नाही. असं मागितल्यावर त्याच्याकडे पुन्हा बघवलं नसतं.

शेवटच्या दुपारी त्याने पेन खाली ठेवलं. "मर्यादा ओलांडलीय... थोडीच. पाचला अहवाल जाईल."

"कापड तिकडचे लोक घालणार आणि धूर आमच्या नावावर?"

"खरंय. पण माझ्या अहवालात त्याला रकाना नाही."

तिने तोंड फिरवलं. खिडकीबाहेर हमाल नेहमीसारखे टोपल्यांवर पाणी शिंपडून त्या काट्यावर चढवत होते. ती बघतच राहिली.

"धूळ उडू नये म्हणून आम्ही कोळसा भिजवून मोजतो," ती चाचरत म्हणाली. "मीच घातलेली पद्धत. वहीत... पाण्याचंही वजन आहे."

तो ताडकन उठला. तीस टोपल्या आधी कोरड्या, मग भिजवून, दोघांनी घामाघूम होत पुन्हा मोजल्या. त्यातून पाण्याचा वाटा काढून त्याने तो वहीतल्या वजनातून वजा केला. पाचला दहा मिनिटं कमी असताना आकडा मर्यादेच्या आत आला, जेमतेम.

अहवालाखाली त्याने एक ओळ जोडली: या कारखान्याची पुढची तपासणी मला देऊ नये.

"आमच्यावर विश्वास नाही?" तिने विचारलं.

"माझ्यावर नाही. माझा जीव जडलाय तुमच्यावर. पुढच्या वेळी आकडा वाईट निघाला, तर... मला तो लिहवणार नाही."

तिने आपली वही मिटली.

"मग रविवारी घरी या," ती म्हणाली, "पेन न घेता."