बर्फावर विचारलेलं गोत

वारंगा फाट्यावर नांदेडच्या गाडीत माझी बॅग त्यानं न विचारताच उचलली. मी भांडायच्या तयारीत होते, तेवढ्यात तो म्हणाला, "एवढं काय भरलंय? अख्खा तांडा घेऊन निघालात का?"

"तुमाला काय करायचंय?"

"उचलणाऱ्याला कळलं पायजे ना..." तो गालात हसला आणि माझं भांडण कुठल्या कुठं गेलं.

बॅग वर ठेवून झाल्यावर मात्र म्हणाला, "बसा ताई."

मघाशी डोळ्यांत तो खट्याळपणा, आणि आता ताई? नांदेड येईपर्यंत कळलं की तो रणजीत राठोड, सिद्धेश्वरकडच्या तांड्यावरचा. माझ्याच एजंटानं त्यालाही त्याच जहाजावर लावलं होतं. उत्तर ध्रुवाकडं पर्यटक नेणारं जहाज. तो स्वयंपाकघरात, मी खोल्या आवरायला.

चार महिने आम्ही दोघंच तिथं गोरमाटी, आमची बंजारा बोली, बोलायचो. (इथं मराठीत सांगते, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही.) लाटांनी माझं पोट ढवळलं की माझ्या दाराशी चिरलेलं लिंबू ठेवलेलं असायचं. माझ्यासाठी तो जाड पोळी शेकायचा, वर तिखट-तेल. आणि प्रत्येक वेळी — ताई. आमच्यात नवं माणूस भेटलं की पाण्याआधी गोत विचारतात. त्यानं माझं कधीच विचारलं नाही, आणि जहाजावरच्या नावपट्टीवर नुसतं पहिलं नाव असायचं. मी प्रेमात पडले होते, सरळच सांगते, आणि ह्याला माझ्यात काही रसच नाही असं धरून रोज जळत होते.

मग त्याचा करार संपला. दोन दिवसांनी तो उतरणार होता. घरी त्याचे वडील बाबूसिंगकाका यांनी डोंगरकड्याकडची एक पोरगी बघून ठेवली होती; पोचल्यावर ह्यानं फक्त होकार द्यायचा.

त्या सकाळी पर्यटकांच्या हिमनदीवरच्या चढाईत दोन जागा उरल्या आणि त्या आम्हाला मिळाल्या. होडीनं किनाऱ्याला, मग दोन तास नुसत्या दगडांतून. पुढं बर्फ लागला. बुटांना लोखंडी काटे, कमरेला दोर. वाटाड्यानं मला रणजीतच्या मागं बांधलं. बर्फ निळसर होता, आतून पाण्याचा आवाज येत होता, आणि मी मात्र त्याच्या पाठीकडं बघत चालले होते. चहाला थांबलो तेव्हा मला राहवलं नाही.

"पोरगी कशी हाय?"

"फोटो बघितला न्हाई."

"काहून?"

"बघू वाटंना..." तो बुटानं बर्फ टोकरत राहिला. "जिला व्हय म्हणायचंय, ती आपल्याच गोताची हाय. राठोड. भाऊबंदकीत लग्न कसं करावं?"

"कोण हाय ती?"

त्यानं मान वर केली. "चार महिने जिला ताई म्हणून राहिलो, ती. जिभेला सवय लागली की मनालाबी लागंल, असं वाटलं... न्हाई लागली."

"मी राठोड? कुणी सांगितलं?"

"तुझ्या बॅगवर लिवलंय. पांढऱ्या रंगात, एवढं मोठं. वर ठेवतानाच वाचलं."

मी मटकन बर्फावरच बसले. हसू यावं की रडू, तेच कळेना. "ती शेजारच्या थावराकाका राठोडची बॅग हाय. फौजेतली. मागून आणली मी... माझ्याकडं एवढी मोठी कुठली?"

"मग तू—"

"पवार. शितल पवार."

तो माझ्याकडं बघतच राहिला. वाटाड्यानं निघायची हाक दिली, दोर ताणला गेला, तरी हा हलेना. "शितल," एवढंच म्हणाला. मग पुन्हा एकदा, "शितल." परतीच्या वाटेवर तो दर दहा पावलांनी मागं वळून बघत होता.

जहाजावर आल्या आल्या, अंगावरचे ओले कपडेही न बदलता त्यानं घरी फोन लावला. मी शेजारीच उभी होते.

"बापू, ती पोरगी नको. मला पवाराची पसंत हाय. शितल. इथंच कामाला हाय."

पलीकडून बाबूसिंगकाकांचा जाड आवाज मलाही ऐकू आला, "पोरीला विचारलं का?"

रणजीतनं माझ्याकडं पाहिलं. कान लालबुंद झाले होते त्याचे.

मी त्याच्या हातातून फोन घेतला. "न्हाई विचारलं, काका," मी म्हणाले. "पण माझं व्हय हाय."